गोळी, नळी आणि पीळ



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर संतवाङ्मय होते, अर्थकारण होते, आरोग्यही होते. तेथे कामगार चळवळीतला एक माणूस उभा राहून बंदुकीच्या काडतुसावर बोलू लागला, तर आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो. माझ्याकडे बंदूक नाही, परवाना नाही आणि शिकारीचा नादही नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे, लातूरच्या एका वर्कशॉपात लेथवर जास्त आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात झाले. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका प्रश्नाने मला तिकडे ढकलले.

काही वर्षांपूर्वी, उसाच्या हंगामात, मांजरेच्या काठच्या एका गावाबाहेर तोडणी कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. एका रात्री पलीकडच्या फडातून बार झाला आणि एका कोपीच्या पाचटातून गोळी आत शिरली. चुलीशेजारची पाण्याची घागर फुटली. घागरीपासून दोन हातांवर दोन लेकरे झोपली होती. त्यांना काही झाले नाही. पहाटे मुकादमाचा निरोप आला, "भाऊ, तुम्ही या. माणसे कोयते खाली ठेवून बसली आहेत."

मी गेलो, तेव्हा ज्याने बार काढला तो शेतकरीही तेथेच बसला होता. माणूस वाईट नव्हता. अडीच एकर ऊस, त्यातला बराचसा रानडुकरांनी लोळवलेला. बंदूक परवान्याची होती. डुकरे मारण्याच्या परवानगीचा अर्ज केलेला होता, कागद मात्र हाती यावयाचा होता. तो मला म्हणाला, "भाऊ, गोळी डुकराला लागली होती. आरपार गेली. आता तुम्हीच सांगा, कोणती गोळी घेऊ, की जी डुकरात राहील आणि कोपीपर्यंत जाणार नाही?"

मला उत्तर देता आले नाही. भांडण मिटवता आले, नुकसानभरपाई ठरवता आली, पण प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नामागे जे वाचन झाले, जे निवृत्त जवानांकडून ऐकले, ते आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम बंदूक आणि रायफल यांतला भेद पाहू. आपल्या आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक किंवा आजची बाराबोरी, यांची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतल्या बाजूने नागमोडी चऱ्या पाडलेल्या असतात, जणू एखाद्या फार लांब नटाला आतून आटे पाडावेत. गोळी त्या चऱ्यांत रुतते आणि पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरू लागते. हे फिरणे कशासाठी? आपण लहानपणी भोवरा फिरवला आहे. उभा ठेवलेला भोवरा क्षणात आडवा होतो, फिरता भोवरा आपल्या आरीवर उभा राहतो. गोळीचेही तसेच. पुढून येणारी हवा लांबट गोळीला उलथवू पाहते. गोळी गरगर फिरत असेल तर तोंड पुढे ठेवून जाते; नसेल तर कोलांट्या खाते आणि निशाणीच्या कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडते.

आता ह्या आट्याची चाल किती असावी? लेथवर काम केलेल्या माणसाला हे सांगणे सोपे आहे. आट्याला जसे पिच असते, तसा नळीला पीळ असतो. किती इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा होतो, ते त्याचे माप. 'दहात एक' म्हणजे दहा इंचांत एक फेरा. आकडा जेवढा लहान, पीळ तेवढा कडक.

पीळ हा शब्द नांदेडकरांना मी काय शिकवावा! गावरानी कापसाची ही पेठ. उस्मानशाही मिलचा भोंगा ऐकलेली माणसे अजून या गावात आहेत. सूत काढणाऱ्या जुन्या कामगाराला विचारा, आखूड तंतूच्या कापसाला पीळ जास्त द्यावा लागतो, नाही तर धागा तुटतो. गोळीच्या बाबतीत नेमके उलटे आहे. आखूड गोळीला थोडा पीळ पुरतो, लांब गोळीला कडक लागतो. कारण गोळी जितकी लांब, तितकी हवेला तिला उलथवण्यासाठी लांब तरफ मिळते.

ही गोष्ट जगाला कळावयास वेळ लागला, आणि तिची किंमत आपल्या देशानेही मोजली आहे. १८५३ साली इंग्रजी सैन्यासाठी एन्फील्ड रायफल ठरली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, नळीची लांबी ३९ इंच आणि पीळ ७८ इंचांत एक. म्हणजे नळी सोडेपर्यंत गोळीचा अर्धाच फेरा होई. गोळी तोंडाकडून भरावयाची. म्हणून ती नळीपेक्षा किंचित बारीक केलेली असे आणि बार झाल्यावर तिचा पोकळ बूड फुगून चऱ्यांत बसे. ती सहज आत जावी आणि जळलेल्या दारूची काजळी मऊ राहावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे, आणि शिपायाने तो कागद दातांनी फाडावयाचा असे. पुढचे आपण जाणताच. २९ मार्च १८५७ ला बराकपूर, १० मे ला मीरत. त्या उठावाची कारणे अनेक होती. संस्थाने गेली होती, जमिनी गेल्या होत्या, पगार आणि मान गेला होता. परंतु ठिणगी ज्या चरबीची पडली, ती चरबी नळीतल्या चऱ्यांसाठी होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. हत्यार निवडणारे लंडनमध्ये बसले होते. ते दातांनी फोडणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

त्याच १८५७ साली इंग्लंडात दुसरी एक चाचणी चालू होती. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रज्ञाने ०.४५१ इंच व्यासाची, षट्‌कोनी पोटाची नळी केली आणि तिला पीळ दिला वीस इंचांत एक. गोळी लांब आणि सडपातळ. लांब पल्ल्यावर तिने एन्फील्डला सपशेल मागे टाकले. हा व्हिटवर्थ म्हणजे तोच, ज्याने १८४१ साली बोल्टांच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. जुन्या फिटरांच्या तोंडी अजून 'व्हिटवर्थ आटे' असतात. मी जन्मभर ज्याचे आटे कापले, त्यानेच गोळीला पीळ घातला होता, हे मला फार उशिरा कळले. असो.

यातून नियम काढला तो अॅल्फ्रेड ग्रीनहिल या गणिताच्या अध्यापकाने. तो वुलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना शिकवीत असे. १८७९ साली त्याने जे सूत्र दिले, ते सातवीच्या मुलालाही करता येईल. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. येईल तो आकडा म्हणजे पिळाचे इंच. आजच्या फार वेगवान गोळ्यांसाठी १५० ऐवजी १८० घेतात. या सूत्रात वजन कोठेच नाही, हे पाहा. लोक म्हणतात, "जड गोळीला कडक पीळ." खरे म्हणजे लांब गोळीला कडक पीळ. जड गोळी बहुधा लांबही असते, म्हणून हा घोटाळा होतो.

सूत्र खरे की खोटे, ते एका प्रसिद्ध उदाहरणावर तपासू. त्यासाठी अमेरिकेत जावे लागेल. तेथे कायोट नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचा थोरला चुलतभाऊ म्हणा. मेंढपाळांचा तो वैरी, म्हणून त्याची शिकार तेथे सर्रास चालते. उघड्या माळावर दोनतीनशे यार्डांवरून लहानसे जनावर टिपावयाचे, तर गोळी हलकी आणि अतिवेगवान हवी, म्हणजे ती सरळ रेषेत जाईल. तिचे कवच पातळ हवे, म्हणजे ती जनावरात फुटून तेथेच राहील. आमच्या शेतकऱ्याचा प्रश्न आठवला ना? त्या माळावर त्याचे उत्तर असे दिले गेले.

१९५५ साली तेथील दोन कारखान्यांनी एकाच व्यासाची, ०.२४३ इंचाची, दोन काडतुसे बाजारात आणली. विंचेस्टरच्या रायफलीला पीळ होता दहात एक, रेमिंग्टनच्या रायफलीला बारात एक. रेमिंग्टनचा हिशेब असा, की गिऱ्हाईक हे काडतूस कायोटसारख्या लहान जनावरांसाठी घेईल. ७५ किंवा ९० ग्रेनची आखूड गोळी पुरे. विंचेस्टरने ८० ग्रेनची दिली आणि हरणासाठी १०० ग्रेनचीही दिली. (ग्रेन हे वजन आपल्याला परके नाही, १८० ग्रेनचा एक तोळा. १०० ग्रेन म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडे अधिक.) आता सूत्र लावा. ०.२४३ चा वर्ग सुमारे ०.०५९; गुणिले १८० म्हणजे १०.६. आखूड गोळी ०.८ इंच लांब धरली, तर पीळ येतो सुमारे तेरा. मग बाराचा पीळ पुरेसा झाला. १०० ग्रेनची गोळी असते एक इंचाहून किंचित लांब. तिला पीळ लागतो दहाच्या आसपास. बाराच्या नळीत ती भरवशाने स्थिर व्हावी कशी?

सामान्य माणसाला दोन कामांसाठी दोन रायफली परवडत नाहीत. त्याने एकीतच दोन्ही कामे होणारी घेतली. रेमिंग्टनचे काडतूस चांगले असूनही मागे पडले. पुढे कारखान्याने पीळ नवात एक केला, १९६३ साली काडतुसाचे नावही बदलले, पण गेलेले गिऱ्हाईक परत आले नाही. दोन इंचांच्या पिळाने एवढे केले.

सैन्यातही तेच घडले. अमेरिकी सैन्याची ०.२२४ इंच गोळीची रायफल प्रथम चौदात एक पिळाची होती. कडाक्याच्या थंडीत, जेथे हवा दाट असते, तेथे गोळी डळमळू लागली. पीळ बारावर आणला. पुढे गोळी लांब झाली आणि उजेड सोडत जाणारी आणखी लांब गोळी तिच्या जोडीला आली, तेव्हा पीळ थेट सातात एक करावा लागला.

मग सर्वच नळ्या कडक पिळाच्या का करू नयेत? त्यालाही मर्यादा आहे. सेकंदाला ३,२०० फूट जाणारी गोळी बारा इंचांत एक फेरा घेते, म्हणजे सेकंदाला ३,२०० फेरे, मिनिटाला १,९२,०००. गिरणीतली चाती मिनिटाला दहाबारा हजार फेरे घेते, तेव्हा तिच्याजवळ बोट नेण्याची कोणाची छाती होत नाही. पातळ कवचाची हलकी गोळी फाजील पिळाने हवेतच फुटते. आणि गोळीच्या घडणीत किंचित वजन एका बाजूला कलले असेल, तर जास्त फिरण्याने तो दोष वाढतो. म्हणून जाणती माणसे आधी जनावर पाहतात, त्यावरून गोळी ठरवतात, गोळीच्या लांबीवरून पीळ ठरवतात. जुन्या रायफलीचा पीळ ठाऊक नसेल, तर तो काढणेही सोपे आहे. मात्र आधी नळी रिकामी आहे हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. नंतर साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी बांधून तो आत सारावा. मूठ फिरती असावी. गजावर खूण करून तिचा एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, ते मोजावे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे पहिला प्रश्न गोळीचा नाही, कायद्याचा आहे. आपला कोल्हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याची शिकार हा गुन्हा आहे. आणि ते योग्यही आहे. कोल्हा चार कांड्या ऊस खातो, बोरे खातो, टरबूज फोडतो हे खरे; पण त्याच्या पोटात उंदीर किती जातात, याचा हिशेब कोणी मांडत नाही. अमेरिकेने शंभर वर्षे कायोट मारला आणि त्या शंभर वर्षांत कायोट पश्चिमेच्या माळांवरून निघून जवळजवळ सर्व खंडभर पसरला. बंदुकीने प्रश्न सुटतोच असे नाही.

रानडुक्कर आणि रोही यांची गोष्ट निराळी. उभ्या पिकाची हानी होत असेल, तर वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने त्यांना मारता येते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली त्याची रीत ठरवून दिली आहे. कागद हाती आल्याशिवाय मात्र हात लावू नये.

दुसरी गोष्ट, काडतूस निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे थोडे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. सैन्याच्या मापाची काडतुसे सामान्य नागरिकास वर्ज्य. इंग्रजांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी ०.३०३ हे माप हिंदी लोकांपासून दूर ठेवले, म्हणूनच ०.३१५ ही शिकारी रायफल आपल्याकडे रूढ झाली. तिची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून अधिक, नरम नाकाची. काडतुसाच्या बुडावर 'के. एफ.' अशी अक्षरे दिसली, तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातले समजावे. १८६९ पासून तो चालू आहे. २०२१ साली संरक्षण कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो त्यांतल्या एकीकडे गेला. तेथील कामगारांच्या बोटांतून गेलेले काडतूस येथे फडात वाजते, हा धागा मला चळवळीतला माणूस म्हणून विसरता येत नाही.

तर आमच्या शेतकऱ्याच्या हाती ही ०.३१५ होती. ती डुकरातून आरपार गेली, यात आश्चर्य नाही. जड जनावरासाठीच ती केलेली आहे. मग कायोटवाल्यांची हलकी, फुटणारी गोळी त्याने घ्यावी काय? मिळाली तरी घेऊ नये. दहाबारा किलोच्या जनावरात ती काम करते. क्विंटलभर डुकराच्या खांद्यावर राठ कातडीची ढाल असते. तेथे ती वरच्यावर फुटेल, डुक्कर जखमी होऊन उसात शिरेल, आणि सकाळी त्याच उसात बाया कोयता घेऊन उतरतील. जखमी डुक्कर म्हणजे काय, ते ज्याने पाहिले त्याला सांगावे लागत नाही. ०.२२ ची बारकी रायफल तर याहून वाईट. ती मारत नाही, आणि चुकलेली गोळी दीड मैल जाऊ शकते. बाराबोरीतले मोठे छर्रे दूर जात नाहीत, सहासातशे यार्डांत थकतात. पण त्यांनी डुक्कर पाडावयाचे, तर तीसचाळीस यार्डांच्या आत यावे लागते. वस्तीजवळ मला त्यातल्या त्यात तेच बरे वाटते.

यावरून शेवटी मी ज्या निष्कर्षाला आलो, तो सांगतो. डुकराला पुरी पडेल आणि डुकरातच राहील, अशी हमी देणारी गोळी कोणत्याही कारखान्यात होत नाही. ती हमी जमीन देते. साधे त्रैराशिक करा. माणूस जमिनीवर उभा आहे, नळी पाच फुटांवर, डुकराची छाती दोन फुटांवर, अंतर एकशेवीस फूट. म्हणजे एकशेवीस फुटांत गोळी तीन फूट उतरली. आरपार गेली तर जमिनीला लागावयास तिला आणखी ऐंशी फूट हवेत, आणि लागेल तीही इतकी सपाट, की मुरमाड रानावरून, तळ्यातल्या चपट्या खापरीसारखी, उसळी मारून पुढे जाईल. तोच माणूस माळ्यावर बसला, नळी बारा फुटांवर गेली, तर एकशेवीस फुटांत दहा फूट उतार मिळतो आणि गोळी डुकरामागे चोवीस फुटांवर भुईत जाते. जनावर साठ फुटांवर येऊ दिले, तर बारा फुटांतच जाते. नांगरलेली काळी जमीन असेल आणि मागे मातीचा बांध असेल, तर त्याहून चांगले. आपल्या वाडवडिलांनी जागलीसाठी माळा घातला, तो केवळ लांबचे दिसावे म्हणून नव्हे, असे मला आता वाटते.

म्हणून क्रम असा धरावा. आधी परवानगीचा कागद. मग गोळीच्या मागे काय आहे ते. दिवसाउजेडी चालून पाहावे, कोपी आहे, आखाडा आहे, की रस्ता आहे. मग जनावर. मग गोळी. आणि सर्वांत शेवटी पीळ. दुकानात आणि गप्पांत हा क्रम नेमका उलटा असतो.

हे सारे मी त्या शेतकऱ्याला पुढे जाऊन सांगितले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, म्हणजे गोळी बदलून भागत नाही, जागा बदलावी लागते." इतक्या पानांनंतर मला जे कळले, ते त्याने एका वाक्यात सांगितले. त्याने फडाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर, बांधाकडे तोंड करून माळा घातला. कोप्या उचलून पलीकडच्या बाजूस नेल्या, त्यासाठी बैलगाडीही त्यानेच दिली. फुटलेल्या घागरीच्या जागी त्याच्या बायकोने आपल्या घरची तांब्याची घागर आणून ठेवली. हंगाम संपला, टोळी गावी गेली. जाताना त्या लेकरांच्या आईने ती घागर घासूनपुसून त्यांच्या ओसरीवर परत ठेवली होती.